दोघांनी उचललं सारखंच, सोनं मात्र एकालाच!

*बार्सिलोनात त्याचं सुवर्णपदक हुकलं, तेही प्रतिस्पर्ध्याइतकंच वजन उचलून. मग त्याचा देशच उपाशी पडला. तरीही चार वर्षांनी तो परत आला आणि या वेळी त्याने बरोबरीला जागाच ठेवली नाही. क्युबाचा वेटलिफ्टर पाब्लो लारा याची ही गोष्ट.*

विचार करा, तुम्हाला आणि तुमच्या मित्राला सेमिस्टरला अगदी सारखे मार्क पडलेत. अर्ध्या मार्काचाही फरक नाही. पण पहिला नंबर त्याचा लागतो. का? तर वजनकाट्यावर तो तुमच्यापेक्षा हलका भरला म्हणून!

हसू आलं ना? १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये एका पोराच्या बाबतीत नेमकं हेच झालं. त्याला मात्र हसू आलं नसणार.

पुरुषांचा ७५ किलो वजनी गट. पूर्वीच्या सोव्हिएत प्रजासत्ताकांच्या संयुक्त संघाकडून उतरलेला मोल्दोव्हाचा फ्योदोर कासापू याने एकूण उचलले ३५७.५ किलो. क्युबाच्या पाब्लो लारानेही उचलले ३५७.५ किलो. तिसऱ्या आलेल्या उत्तर कोरियाच्या किम म्योंग-नामचे झाले ३५२.५. वरचे दोघे एकदम बरोबरीत. आता काय? पुन्हा एकदा उचलायला लावायचं? दोघांना सोनं द्यायचं? छे. नियम स्पष्ट होता: बरोबरी झाली तर ज्याच्या शरीराचं वजन कमी, तो वर. कासापू हलका होता. सोनं त्याचं, चांदी लाराची.

पॅरिसला विनेश फोगटचं १०० ग्रॅमचं प्रकरण झालं, तेव्हा आपण सगळेच चिडलो होतो. तिथे वजन मर्यादेच्या वर गेलं म्हणून ती बाद झाली. लाराचं तर तसंही नव्हतं. तो मर्यादेत होता आणि वजनही प्रतिस्पर्ध्याइतकंच उचललं होतं. फक्त समोरचा त्याच्यापेक्षा हलका होता, इतकंच.

बुलेट डोक्यावर धरून दाखवा

पुढे जाण्याआधी हा खेळ जरा समजून घेऊ. कारण आपल्यापैकी बरेच जण जिमला जातात, रीलसाठी डेडलिफ्ट मारतात आणि आपल्याला सगळं कळतं असं समजतात!

ऑलिम्पिक वेटलिफ्टिंगमध्ये उचलण्याचे प्रकार दोनच. पहिला स्नॅच. यात जमिनीवरचा बार एका दमात थेट डोक्यावर न्यायचा, मध्ये कुठेही थांबायचं नाही. दुसरा क्लीन अँड जर्क. आधी बार खांद्यापर्यंत आणायचा, उभं राहायचं आणि मग एका झटक्यात डोक्यावर घ्यायचा. प्रत्येक प्रकारात तीनच प्रयत्न मिळतात. दोन्हींतल्या सर्वोत्तम वजनांची बेरीज म्हणजे तुमचा निकाल. सहा प्रयत्न आणि खेळ खल्लास. चार वर्षांची तयारी आणि प्रत्यक्ष बार हातात असतो तो जेमतेम एक-दोन मिनिटं.

पुरुषांचा नुसता बारच २० किलोचा असतो. लाल चकती २५ किलोची, निळी २०, पिवळी १५, हिरवी १०. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे त्या काळी बेरजेत अडीच किलोंच्या पटीतलंच वजन धरलं जायचं. म्हणजे कासापूच्या पुढे जायला लाराला किमान अडीच किलो जास्त हवे होते. बारच्या दोन्ही टोकांना सव्वा-सव्वा किलोची एकेक छोटी चकती. ऑलिम्पिक सुवर्ण आणि रौप्य यांच्यात अंतर होतं ते एवढंच.

लाराने नंतर अॅटलांटात क्लीन अँड जर्कमध्ये उचललं ते वजन होतं २०५ किलो. सिमेंटच्या चार गोण्या आणि वर पाच किलो. किंवा असं बघा, बुलेट साडेतीनशे साधारण १९५ किलोची. ती गाडी आणि वर दहा किलोचं सामान, हे सगळं हात सरळ करून डोक्यावर धरायचं. तेसुद्धा स्वतः ७६ किलोच्या आत राहून. आता बोला!

चे गव्हेराच्या गावचा

पाब्लो लारा जन्मला १९६८ मध्ये, क्युबातल्या सान्ता क्लारा गावात. ज्या चे गव्हेराचा चेहरा तुमच्या हॉस्टेलमधल्या निम्म्या टी-शर्टवर असतो, त्याचं हे गाव. म्हणजे चे मूळचा अर्जेंटिनाचा. पण डिसेंबर १९५८ मध्ये याच सान्ता क्लारात त्याच्या तुकडीने सरकारी सैन्याची चिलखती रेल्वेगाडी रुळांवरून घसरवली आणि क्युबन क्रांतीचा निकाल लागल्यात जमा झाला. आज चेची समाधीही तिथेच आहे.

क्रांतीनंतर फिडेल कॅस्ट्रोच्या सरकारने खेळाकडे फार गांभीर्याने बघितलं. १९६१ मध्ये सरकारी क्रीडा संस्था स्थापन झाली आणि लवकरच व्यावसायिक खेळावर बंदी आली. खेळ हा जनतेचा हक्क, ही घोषणा झाली. शाळा-शाळांतून पोरं हेरायची, त्यांना क्रीडा शाळेत घालायचं, शिक्षण आणि सराव एकाच छताखाली द्यायचा, त्यातल्या उत्तम पोरांना वरच्या केंद्रात न्यायचं, अशी शिडीच तयार झाली. पैसा मिळायचा नाही. मान, सराव आणि जेवण मिळायचं.

हा देश आहे तरी केवढा? क्षेत्रफळ आपल्या महाराष्ट्राच्या साधारण एक तृतीयांश. लोकसंख्या नव्वदच्या दशकात जेमतेम १ कोटी १० लाख. पण याच देशाने १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये १४ सुवर्णांसह ३१ पदकं मिळवली आणि पदकतक्त्यात पाचवा क्रमांक पटकावला. त्या वेळी आपल्या खात्यात किती पदकं होती? शून्य.

वेटलिफ्टिंगमध्ये क्युबाला पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण मिळवून दिलं होतं डॅनियल नुन्येसने, १९८० च्या मॉस्को ऑलिम्पिकमध्ये. ५६ किलो गटात एकूण २७५ किलो उचलून. तेव्हा लारा १२ वर्षांचा होता.

आणि इथून पुढे राजकारण आडवं येतं. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकवर सोव्हिएत गटाबरोबर क्युबानेही बहिष्कार टाकला. १९८८ ला यजमानपद दक्षिण कोरियाकडे होतं. त्यात उत्तर कोरियाला बरोबरीचं स्थान मिळालं नाही म्हणून क्युबा तिथेही गेला नाही. लारा तेव्हा २० वर्षांचा होता. आपली निवड होईल की नाही, ही धाकधूकसुद्धा त्या पिढीच्या वाट्याला आली नाही. दारच बंद होतं. त्यामुळे १२ वर्षांनी ऑलिम्पिकला परतलेल्या क्युबाच्या संघात लारा जेव्हा बार्सिलोनाला पोहोचला, तेव्हा तो २४ वर्षांचा होता. आणि तिथे काय झालं, ते तुम्हाला माहीतच आहे.

देशच बारीक झाला तेव्हा

आता खरी परीक्षा. हरल्यावर माणूस म्हणतो, ठीक आहे, पुढच्या वेळी बघून घेऊ. पण पुढच्या वेळेपर्यंत पोहोचायचं कसं?

१९९१ च्या अखेरीस सोव्हिएत युनियन कोसळलं. क्युबाची अख्खी अर्थव्यवस्था त्याच्यावर टेकलेली होती. आपली साखर द्यायची, त्यांचं तेल घ्यायचं. तो दोर एका झटक्यात तुटला. अमेरिकेची आर्थिक नाकेबंदी १९६२ पासून होतीच. कॅस्ट्रोच्या सरकारने या काळाला नाव दिलं ‘विशेष कालखंड’. नाव भारी, हाल भयंकर. काही वर्षांतच देशाचं उत्पन्न साधारण एक तृतीयांशाने घटलं. तासन् तास वीज नाही. बसला डिझेल नाही, म्हणून चीनमधून दहा लाखांहून जास्त सायकली मागवल्या गेल्या. रेशन कार्डावरचं धान्य महिना पुरेना. १९९२-९३ मध्ये सुमारे ५० हजार लोकांना डोळ्यांच्या आणि नसांच्या विकाराने गाठलं. अपुरा आहार आणि जीवनसत्त्वांची कमतरता हे त्यामागचं मोठं कारण. आयुष्य इतकं खडतर झालं की सर्वसाधारण क्युबन माणसाचं वजनच काही किलोंनी उतरलं.

वेटलिफ्टरच्या नजरेने याचा विचार करा. ज्या खेळात पोटभर खाणं हा सरावाचाच भाग असतो, त्या खेळाचा सराव, अख्खा देश बारीक होत असताना करायचा. राष्ट्रीय संघातल्या खेळाडूंना इतरांपेक्षा बरं जेवण मिळत असणार, हे खरं. पण घरचे, शेजारचे, गावचे लोक कसे जगताहेत, हे काय त्यांना दिसत नव्हतं?

हवानात वेटलिफ्टिंग, कुस्ती वगैरे खेळांच्या राष्ट्रीय संघांचं सराव केंद्र आहे. त्याचं नाव सेरो पेलादो. हे एका जहाजाचं नाव. १९६६ मध्ये पोर्तो रिकोच्या सान हुआनला मध्य अमेरिका आणि कॅरिबियन स्पर्धा होत्या. क्युबाचा संघ या जहाजातून निघाला, पण अमेरिकेच्या ताब्यातल्या त्या बेटावर जहाज बंदराला लागू दिलं नाही. शेवटी खेळाडू छोट्या बोटींतून किनाऱ्यावर उतरले आणि खेळले. ‘अडवलं तरी पोहोचायचं’ हे ज्या केंद्राच्या पाटीवरच लिहिलंय, तिथून हे खेळाडू घडत होते.

ऑगस्ट १९९४ मध्ये हवानाच्या समुद्रकिनारी लोक रस्त्यावर उतरले. त्यानंतरच्या काही आठवड्यांत ३० हजारांहून जास्त लोक टायर, लाकडं, पिंपं बांधून केलेल्या तराफ्यांवरून अमेरिकेच्या दिशेने निघाले. आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये, तुर्कस्तानात इस्तंबूलला, पाब्लो लारा ७६ किलो गटाचा विश्वविजेता झाला.

इस्तंबूलची आपली पोरगी

हे ‘१९९४, इस्तंबूल’ कुठे ऐकल्यासारखं वाटतंय? बरोबर! याच जागतिक स्पर्धेत आपल्या कर्णम मल्लेश्वरीने ५४ किलो गटात सुवर्ण मिळवलं. पुढच्या वर्षी तिने पुन्हा जागतिक विजेतेपद मिळवलं. मग १९९६ ला अॅटलांटात ती का दिसली नाही? कारण महिलांचं वेटलिफ्टिंग तेव्हा ऑलिम्पिकमध्ये नव्हतंच! ते आलं २००० साली, सिडनीला. तिथे तिने ६९ किलो गटात एकूण २४० किलो उचलून कांस्य मिळवलं आणि ऑलिम्पिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला ठरली.

गंमत पुढे आहे. तिच्याच गटात चीनची लिन वेनिंग आणि हंगेरीची एर्झेबेत मार्कुश या दोघींनी २४२.५ किलो उचललं. पुन्हा बरोबरी, पुन्हा वजनकाटा. सोनं हलक्या भरलेल्या लिनला. म्हणजे ज्या नियमाने लाराचं सोनं नेलं, तोच नियम मल्लेश्वरीच्या डोळ्यांसमोर पुन्हा लागू झाला. आता हा नियम गेलाय. आज बरोबरी झाली तर ते वजन जो आधी गाठतो, तो वर. लाराच्या मात्र तो काही कामाचा नाही.

अॅटलांटा, जुलै १९९६

त्या वर्षी क्युबा आणि अमेरिका यांचे संबंध कमालीचे ताणलेले होते. फेब्रुवारीत क्युबाच्या लढाऊ विमानांनी क्युबन निर्वासितांच्या संघटनेची दोन छोटी विमानं पाडली. मार्चमध्ये अमेरिकेने नाकेबंदी आणखी आवळणारा कायदा केला. आणि जुलैमध्ये ऑलिम्पिक कुठे? अमेरिकेत, जॉर्जिया राज्यात!

एप्रिलमध्ये हंगेरीतल्या सेकसार्द या गावी लाराने आपण काय तयारीत आहोत, ते सगळ्यांना दाखवून दिलं होतं. क्लीन अँड जर्कमध्ये २०८ किलो आणि एकूण ३७२.५ किलो. ७६ किलो गटातले दोन्ही विश्वविक्रम त्याच्या नावावर.

ऑलिम्पिक तोंडावर आलं असताना क्युबाला धक्का बसला तो वेगळ्याच खेळात. बेसबॉल संघाचा स्टार पिचर रोलान्दो आर्रोहो सराव दौऱ्यावर असताना जॉर्जियातच संघ सोडून निघून गेला. तो लाराच्याच व्हिला क्लारा प्रांताच्या संघाचा खेळाडू. बार्सिलोनाचा सुवर्णपदक विजेता. पुढे तो अमेरिकेच्या मोठ्या लीगमध्ये खेळला, भरपूर कमावलं. त्याने चूक केली की बरोबर, हे इथे बसून ठरवणारे आपण कोण? घरात दिवा नसताना, समोर कोट्यवधींचा करार असताना काय करायचं, हा प्रश्न ज्याचा त्याने सोडवायचा. वेटलिफ्टरसाठी अशी कुठली श्रीमंत लीग वाट बघत नसते, हेही तितकंच खरं. त्याच्यासमोर असतो एक लाकडी मंच, एक बार आणि सहा प्रयत्न.

त्या दिवशी लारासमोर होता बल्गेरियाचा योतो योतोव्ह. त्यालाही बार्सिलोनात रौप्यच मिळालं होतं, ६७.५ किलो गटात. म्हणजे चार वर्षं चांदी गळ्यात घेऊन फिरलेले दोघे जण एकाच सोन्यासाठी आलेले. तिसरा उत्तर कोरियाचा जोन चोल-हो.

स्नॅच झाला. लारा १६२.५, जोन १६२.५, योतोव्ह १६०. पुन्हा बरोबरीच्या आसपास! अडीच किलोंच्या आत तिघंही. पण क्लीन अँड जर्कमध्ये चित्र पालटलं. जोन १९५ वर थांबला. योतोव्ह २०० वर. लारा थेट २०५ वर गेला. एकूण ३६७.५. योतोव्ह ३६०, जोन ३५७.५.

तिसऱ्या आलेल्या जोनचा आकडा परत वाचा. ३५७.५. चार वर्षांपूर्वी ज्या आकड्यावर लारा सोन्याच्या दारात अडकला होता, तो आकडा आता कांस्याचा झाला होता. आणि लारा साडेसात किलोंनी पुढे होता. वजनकाटा, नियम, नशीब, कुणाकडेच बघायची गरज नाही. अमेरिकेच्या भूमीवर क्युबाचं राष्ट्रगीत वाजलं. त्या ऑलिम्पिकमध्ये क्युबाने ९ सुवर्णं मिळवली, त्यातलं एक हे. वेटलिफ्टिंगमध्ये क्युबाची आजवरची ऑलिम्पिक सुवर्णं फक्त दोन: नुन्येस आणि लारा.

वर्षाला अडीच किलो

आता जरा हिशोब करू. बार्सिलोना ३५७.५, अॅटलांटा ३६७.५. चार वर्षांत किती वाढले? दहा किलो. म्हणजे वर्षाला अडीच. बारच्या प्रत्येक टोकाला, दरवर्षी, सव्वा किलोची एक छोटी चकती.

हे वाचायला किती किरकोळ वाटतं ना? आपल्याला ९० दिवसांत बॉडी हवी असते, ३० दिवसांत कोडिंग यायला हवं असतं, एका अटेम्प्टमध्ये एमपीएससी निघायला हवी असते. आणि जगातला सर्वोत्तम वेटलिफ्टर, सरकारच्या पूर्ण पाठिंब्यावर, पूर्णवेळ सराव करून, वर्षाला अडीच किलो वाढवतो. एवढ्यासाठीच त्याला वर्षभर रोज तो बार उचलावा लागतो.

दुसरी गोष्ट. बार्सिलोनाच्या निकालाबद्दल लाराने रडगाणं गायलं असतं, तर कुणी त्याला दोष दिला नसता. १९८८ ला त्याच्या देशाने जाऊच दिलं नाही. १९९२ ला नियम आडवा आला. मग देशात खायची मारामार. यातलं काहीएक त्याच्या हातात नव्हतं. परीक्षा पुढे ढकलली गेली, पेपर फुटला, भरती रखडली, कटऑफ अर्ध्या मार्काने हुकला, हे जसं तुमच्या हातात नसतं, तसंच. या गोष्टींचा राग यायलाच हवा. त्याबद्दल बोलायलाही हवं. पण एवढं सगळं होऊन गेल्यावरही मंचावरचा बार तिथेच असतो. नियमाला संधीच मिळणार नाही, इतकं अंतर आपल्याला टाकता येईल का, एवढाच प्रश्न उरतो. लाराचं उत्तर होतं साडेसात किलो.

तो तिथे थांबला नाही. १९९८ मध्ये फिनलंडच्या लाह्तीला, वयाच्या ३०व्या वर्षी, तो पुन्हा विश्वविजेता झाला. या वेळी गट होता ७७ किलोचा, कारण त्या वर्षी आंतरराष्ट्रीय महासंघाने सगळे वजनी गट बदलले आणि जुने बंद केले. त्यामुळे एक मजेशीर गोष्ट झाली. ७६ किलोचा गटच बंद झाल्यामुळे त्यातले विक्रम आहेत तिथेच गोठले. त्या रकान्यात क्लीन अँड जर्क २०८, एकूण ३७२.५, पाब्लो लारा, क्युबा, असं लिहिलेलं आहे. ते आता कुणालाच मोडता येणार नाही.

एकदा नियमाने त्याच्याकडून घेतलं होतं. एकदा नियमानेच त्याला देऊन टाकलं. फिट्टंफाट!

चौकट: पाब्लो लारा, आकड्यांत

- जन्म: १९६८, सान्ता क्लारा, क्युबा
- १९९२ बार्सिलोना ऑलिम्पिक, ७५ किलो गट: ३५७.५ किलो, रौप्य
- १९९४ जागतिक स्पर्धा, इस्तंबूल, ७६ किलो गट: सुवर्ण
- एप्रिल १९९६, सेकसार्द: क्लीन अँड जर्क २०८ किलो आणि एकूण ३७२.५ किलो, दोन विश्वविक्रम
- १९९६ अॅटलांटा ऑलिम्पिक, ७६ किलो गट: १६२.५ + २०५ = ३६७.५ किलो, सुवर्ण
- १९९८ जागतिक स्पर्धा, लाह्ती, ७७ किलो गट: सुवर्ण